पडेगावच्या अंगणात शर्यतीचे दोन ड्रायव्हर

शर्यतीची गाडी चालवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो डोळे मिटून बसला होता.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात पाहुण्यांसाठी एक लहानशी खोली होती. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्या उन्हात पन्नाशीकडं झुकलेला एक उंच, सावळा माणूस खुर्चीवर ताठ बसला होता. पायात बूट नव्हते. दोन्ही हात छातीसमोर हवेत धरलेले होते. ते हळूच डावीकडं वळायचे, थोडे थांबायचे, परत सरळ व्हायचे. उजवा पाय फरशी दाबायचा, सोडायचा. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी हातात फाईल घेऊन दारातच थांबले. मला वाटलं, कसली तरी पूजा चाललीय, मधे बोलू नये.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, मांडीवरचं घड्याळ बंद केलं आणि मला पाहून हसला.

"एक मिनट पचपन सेकंड," तो दक्षिणेकडच्या वळणाच्या हिंदीत म्हणाला. "कल से एक कम."

रविवारी शर्यत होती, दूर दक्षिणेत. तिथल्या रस्त्याची वळणं तो रोज अशी मनातल्या मनात घेत होता. मनातल्या फेरीला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच खऱ्या फेरीला लागतो, असं तो म्हणाला. मी फाईल छातीशी धरून उभी होते आणि मला त्या रिकाम्या खोलीत उगाचच वारा लागल्यासारखं वाटत होतं.

आमच्या कारखान्यात मोटारींचे ब्रेक पॅड बनायचे. प्रेसमधून तयार झालेला पॅड भट्टीतून बाहेर यायचा, घासला जायचा आणि मग माझ्या टेबलावर यायचा. जाडी मोजायची, पकड तपासायची, तडा दिसतोय का बघायचं आणि बॅचच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथं लागले, तेव्हा त्या विभागात मी एकटीच बाई होते. ह्या शर्यतीतल्या गाड्या आपल्या रस्त्यावर दिसतात तशाच चार दारांच्या, फक्त आतल्या सीटा काढून लोखंडी पिंजरा बसवलेल्या. त्यातल्या दोन गाड्यांना आमचे पॅड लागायचे. उत्तरेकडून खाली जाताना त्या ट्रकवर चढून आमच्या आवारात आल्या होत्या, नवे पॅड बसवायला. सोबत दोन ड्रायव्हर होते. एक हा. दुसऱ्याला भेटायची मला बिलकूल इच्छा नव्हती.

त्याचं कारण सांगायला हवं. आदल्या मोसमात हा दुसरा ड्रायव्हर एका वळणावर रस्ता सोडून बाहेर गेला आणि कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीवर आदळला. गळपट्टीचं हाड मोडलं. त्यानं लिहून दिलं, "ब्रेक लागलेच नाहीत." ते पत्र आमच्याकडं आलं आणि तीन आठवडे चौकशी चालली. त्या बॅचचे राखून ठेवलेले नमुने मी पुन्हा पुन्हा मोजले. काही सापडलं नाही. पण काही न सापडल्यानं कुणाचं समाधान होत नसतं. प्रेसवर वाळूज गावातलेच एक वयस्क कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. मला काढलं नाही. "तुमच्यावर विश्वास आहे," असं साहेब म्हणाले. फक्त त्या दिवसापासून माझ्या सहीखाली आणखी एक सही लागायला लागली.

त्या तीन आठवड्यांत मला एकच स्वप्न पडायचं. मी कसल्या तरी गाडीत बसलेय, पाय ब्रेकवर ठेवलाय आणि ब्रेक पाण्यात बुडावा तसा खाली खाली चाललाय. आवाज नाही, भीती पण नाही, फक्त पाय खाली जातोय. जागी झाले की अण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "काय झालं माय?" शेवटी एकदा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. स्वतः तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण त्या रात्री त्यांनी ब्रेकबद्दल एक शब्द काढला नाही.

दुसरा ड्रायव्हर दुपारी माझ्या विभागात आला. मी मनात कुणीतरी मिजासखोर, काळा चष्मा लावलेला माणूस रंगवला होता. हा पंचविशीतला, सडपातळ, कोल्हापूरकडचा. कान थोडे बाहेर आलेले. बोलताना समोरच्याच्या खांद्याकडं बघायचा. त्यानं टेबलावरचा पॅड उचलला, बॅचचा कागद पाहिला.

"ह्या दोन सह्या कशाला हो ताई?"

"एक माझी. दुसरी तुमच्या पत्रानंतर लागली."

त्यानं तो पॅड चटका बसल्यासारखा खाली ठेवला.

संध्याकाळी साहेबांनी दोघांसाठी शहरातल्या मोठ्या हॉटेलात जेवण ठरवलं होतं. पण दोघांतला थोरला, तो डोळे मिटून बसलेला, म्हणाला, पंधरा दिवस हॉटेलचं खाऊन पोट बिघडलंय, कुणाच्या तरी घरचं साधं मिळेल का? साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, तुमचे वडील ड्रायव्हर होते ना? यांना गप्पाही मारता येतील."

नाही म्हणायची सोय नव्हती. आई तेव्हा जालन्याला भावाकडं गेली होती. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन करून मी अण्णांना निरोप ठेवला.

साडेचारला आम्ही निघालो. कंपनीची गाडी चालवणारा आमचा ड्रायव्हर, मागं दोन शर्यतवाले बसलेत म्हणून इतका घाबरला होता, की छावणीपर्यंत त्यानं तिसरा गिअर टाकला नाही. मागून येणाऱ्या सायकली आम्हाला ओलांडून जात होत्या. थोरला मान टाकून झोपी गेला. धाकटा काचेतून बाहेर बघत होता. दौलताबादच्या रस्त्याला लागल्यावर कडेला सीताफळांच्या टोपल्या दिसायला लागल्या. पिवळसर उन्हात धूळ तरंगत होती आणि लांब किल्ल्याचा डोंगर निळा, कागदातून कापून लावल्यासारखा.

पडेगावला आमच्या घरी अण्णांनी अंगणात लिंबाखाली बाज टाकून, दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. स्वतः इस्त्री केलेला खाकी सदरा घातला होता, जो रिटायर झाल्यापासून त्यांनी घातला नव्हता. शेजारी चाचा बसले होते. चाचा म्हणजे अण्णांचे कंडक्टर. एकोणीस वर्षं दोघं एकाच बसवर होते. एकाच महिन्यात रिटायर झाले, आणि आता रोज संध्याकाळी चाचा मागच्या गल्लीतून येऊन आमच्या बाजेवर बसायचे.

मी चहा दिला. अण्णांनी पाहुण्यांकडं नीट बघून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या गाडीत पॅसिंजर किती बसतेत?"

"कुणीच नाही. आम्ही एकटेच," धाकटा म्हणाला.

"पॅसिंजर नाय, मंग एवढी घाई कशापायी?"

धाकट्यानं हिंदीतून ते थोरल्याला सांगितलं. तो इतका हसला की चहा बशीत सांडला. मग म्हणाला, वीस वर्षं मी हाच प्रश्न माझ्या बायकोकडून ऐकतोय.

तिथून गप्पा मोकळ्या झाल्या. मी आतबाहेर करत होते. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी उकळत होती, भाकरीचं पीठ मळून ठेवलं होतं. ओसरीवरून सगळं ऐकू येत होतं. मी सहज सांगितलं, की हे डोळे मिटून शर्यत पळतात. चाचांना ते पटेना.

"आँखां बंद करके गाडी चलातैं? अरे भाई, हमकू भी दिखाव."

थोरल्यानं चपला काढल्या, पाठ सरळ केली, डोळे मिटले. घड्याळ चाचांच्या हातात दिलं. मी पिठाचे हात घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले. त्याचे हात वळायला लागले. लिंबाची बारीक पानं त्याच्या खांद्यावर पडत होती, त्याला ते कळत नव्हतं. शेजारच्या शेळीच्या गळ्यातली घंटी, कुठंतरी पंप, आणि त्याच्या उघड्या तळव्याचा मातीवरचा तो हलका दाब. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की तो डावीकडं वळला की बाजेवर अण्णा आणि चाचा पण डावीकडं कलतायत. मीही चौकटीला रेलले होते. त्या दोन मिनिटांत आमचं अंगण कुठंतरी निघून गेलं होतं आणि आम्हाला सोबत घेऊन गेलं होतं.

"अब इसकी बारी," चाचा अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "ये भी चलाताय. घाट."

अण्णा आधी नाय नाय म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून बाजेवर ठेवला. डोळे मिटले. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं जाणारी बस त्यांनी किती वर्षं चालवली असेल! त्यांचे हात थोरल्यासारखे चपळ नव्हते. बसचं स्टिअरिंग मोठं, ते परात धरावी तसं धरून त्यांचे हात फिरत होते. आणि ते बारीक आवाजात बोलत होते.

"देऊळ आलं. हात जोडले. आता दुसरा गिअर... डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी. पहिलं वळण. खाली धुकं हाय. वानरं बसलीत कठड्यावर... हॉर्न. समोरून ट्रक, त्याला येऊ दे, चढणाऱ्याचा मान पयला... आता सरळ. आता मोठं वळण..."

तिथं ते थांबले. हात हवेतच राहिले. डोळे मिटलेलेच.

"हर बार इदरीच रुकताय तू," चाचा हळू म्हणाले. "बोल दे आज."

अण्णांनी डोळे उघडले, पण चष्मा लावला नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवसापर्यंत कधी ऐकलं नव्हतं.

श्रावणातली सकाळ होती. टायर पंक्चर झाल्यामुळं वाटेत अर्धा तास गेला होता. अण्णांची बस कधी उशिरा पोचत नाही असं डेपोत सगळे म्हणायचे, आणि ते ऐकायची त्यांना सवय झाली होती. त्या दिवशी वेळ भरून काढायला त्यांनी घाट दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये उतरायला घेतला. सारखा ब्रेक दाबत, सारखा ब्रेक दाबत. मोठ्या वळणाच्या आधी ब्रेक तापून गेले आणि पाय खाली गेला तरी गाडी थांबेना.

"पन्नास मानसं मागं," अण्णा म्हणाले. "म्या जोर लावून खालचा गिअर घातला. इंजिन असं वरडलं, की अजून कानात हाय. गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. जरा हळू झाली तशी ह्यानं दारातून उडी टाकली अन् मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारला. तवा थांबली."

चाचांनी आपला उजवा हात बघितला. त्यांची करंगळी वाकडी होती. लहानपणी मला सांगितलं होतं, की ती बसच्या दारात सापडली.

"म्या लिहून दिलं, ब्रेक फेल झाले," अण्णा पुढं म्हणाले. "खोटं नव्हतं. पर खरं बी नव्हतं. ब्रेक म्या घालवले. अन् त्या दिशी गाडी तपासलेल्या मिस्त्रीची बदली झाली लांब. लेकरंबाळं इथं, तो तिकडं. म्या गप बसलो. आज सांगू, उद्या सांगू करत गप बसलो."

"फिर?" थोरल्यानं विचारलं. त्याला शब्द सगळे कळले नसावेत, पण गोष्ट कळली होती.

"वो मिस्त्री गुजर गया," चाचा म्हणाले.

ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं. मी आत जायला वळले तेव्हा मागून आवाज आला.

"ताई."

धाकटा उभा राहिला होता. पहिल्यांदाच तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"ताई, माझेपण ब्रेक गेले नव्हते. त्या वळणाआधी खुणेच्या पाट्या असतात. पहिल्या पाटीला ब्रेक दाबायचा. पुढच्या गाडीला गाठायचं होतं, म्हणून मी दुसरी पाटी आल्यावर दाबला. ब्रेक लागत होते. पायाला कळत होतं मला. पण दवाखान्यात सगळे भोवती उभे होते, वडील होते, गाडीचा खर्च करणारे होते. कुणीतरी विचारलं, ब्रेक गेले का रे? आणि मी हो म्हणालो."

मला वाटायचं, असं काही कधी कानावर आलं तर मी ओरडेन, रडेन. तसलं काहीच झालं नाही. मी आत गेले, तव्यावर भाकरी टाकली आणि तिच्याकडं बघत उभी राहिले. चौकशीचे सगळे दिवस एक एक करून डोळ्यांसमोरून जात होते, अगदी सावकाश, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा मला राग आला. इतका आला, की मी जळकी भाकरी तशीच हातानं उचलली आणि बोटं भाजून घेतली.

बाहेर अण्णा त्याला म्हणत होते, "बस खाली, लेकरा. मला सांगून काय व्हणार? ज्याला सांगायचं त्याला सांग."

चाचा नमाजला जाऊन परत आले, तोवर मी ताटं घेतली होती. सगळ्यांना वाढलं, धाकट्यालाही वाढलं. आमटी वाढताना मी त्याला म्हणाले, "माझं सोडा. पॅकिंगला मामा बसतात. उद्या आधी त्यांच्याकडं जायचं. साहेबांकडं नंतर."

"जातो," तो म्हणाला. तो भाकरीचे नुसते तुकडे करत राहिला. थोरल्यानं मात्र तीन भाकरी खाल्ल्या आणि जेवण झाल्यावर अण्णांच्या बाजेवर, लिंबाखाली, पाच मिनिटं म्हणून आडवा झाला आणि घोरायला लागला. त्याला उठवायला आम्हाला जिवावर आलं. चांगला अंधार पडला, अंगणातला दिवा लावला, तरी तो झोपलेलाच. चाचा त्याच्या तोंडावरचे डास टॉवेलानं वारत बसले होते.

अण्णांनी ती गोष्ट त्या दिवशी मुद्दाम काढली का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. धाकटा पाहुणा म्हणजे ते पत्र लिहिणारा, हे त्यांना माझ्या निरोपावरून कळलं होतं, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा खरंच पॅकिंगला गेला. मी लांब, माझ्या टेबलापाशी उभी होते. मामा खोक्याला पट्टी चिकटवत होते. तो वाकून बोलत होता. मामांचे हात थांबले नाहीत. खोकं पूर्ण बंद केलं, बाजूला सरकवलं, आणि मग ते काहीतरी म्हणाले. नंतर मी मामांना विचारलं, काय म्हणालात?

"काय म्हननार? चहा घेता का, म्हनलं."

मग तो साहेबांच्या खोलीत गेला. दार बराच वेळ बंद होतं. बाहेर आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद मला दाखवला. अक्षर शाळकरी मुलासारखं होतं आणि खाली सही. साहेबांनी मामांना बोलावलं आणि उद्यापासून पुन्हा प्रेसवर या म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, "नको साहेब. तिथं लई गरम हुतं. हितं पंखा हाय, मी हितंच बरा. फक्त तो कागुद फाडा." साहेबांनी जुनं पत्र फाईलमधून काढलं. मामांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मला दाखवून खात्री करून घेतली, आणि मग स्वतःच फाडलं.

दुपारी ट्रक निघाला. थोरल्यानं खिडकीतून हात हलवला. धाकट्यानं दोन्ही हात जोडले. रस्त्यावर शिफ्टच्या बसेस उभ्या होत्या, त्यांच्यामागं ट्रक दिसेनासा झाला. पुढच्या बॅचच्या कागदावर मी सही केली आणि सवयीनं तो दुसऱ्या टेबलावर न्यायला उठले. तिथला माणूस म्हणाला, "आता लागत नाही मॅडम." मी परत येऊन बसले आणि काय करावं ते सुचेना, म्हणून एक पॅड पुन्हा मोजला.

रविवार नुसता वाट बघण्यात गेला. अण्णा सकाळपासून तीनदा अंगणात येऊन आभाळाकडं बघून गेले. तिकडं पाऊस असेल का, असं त्यांनी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "मेरेकू क्या मालूम? मैं क्या वहाँ का कंडक्टर है?"

सोमवारी ऑफिसात फोन आला. थोरला दुसरा आला होता, धाकटा सहावा. संध्याकाळी घरी गेले तेव्हा दोघं म्हातारे बाजेवर बसले होते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत अण्णांनी विचारलं, "काय कळलं का?"

मी नंबर सांगायला तोंड उघडलं. अण्णांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. दोघं धड हायेत ना?"

"आहेत."

"मंग झालं," अण्णा म्हणाले आणि चाचांकडं वळून सीताफळांच्या यंदाच्या भावावरून अर्धवट राहिलेलं भांडण त्यांनी पुन्हा सुरू केलं.